बंडीखालची जागा

बबनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेन्सिलींना टोक काढत होतो. घराण्यातल्या गोष्टी लिहून काढणार, असं मी गेली दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय, आणि रोज सकाळी लिहिण्याची अशी जय्यत तयारी करतो की ऑफिसची वेळ होते. "काका, बाबा गेले. झोपेतच," पुतण्या म्हणाला. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि पुढची पेन्सिल उचलली... हात काय करताहेत, तेच कळत नव्हतं.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात त्यानं शेती केली, मी यवतमाळला येऊन फायली केल्या. त्याला नाद एकच, लाकडी बैल कोरण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा तान्हा पोळा असतो. गावातली निम्मी पोरं दादाचेच बैल दोरीनं ओढत मिरवायची. हा नाद त्याला लागला कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग चार-चार दिवस हलायची नाही. लोक पत्ते खेळत, भांडत; दादा बंडीखाली पोतं अंथरून सागाच्या तुकड्यातून बैल काढत बसायचा. एकदा मी डबा घेऊन गेलो तर खालून आवाज आला, "वाकून ये, सुध्या. तू साहेब झाला म्हणून बंडी उंच नाई होत." मी वाकलो, तरी डोकं आपटलंच.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही. एका उन्हाळ्यात दादानं बैलजोडी विकली. घरोघरी तेच चाललं होतं, म्हणून कोणी कोणाला विचारत नव्हतं. पण दादाची कोरायची पटाशी थांबली. तान्हा पोळा आला आणि गेला, पुढच्या वर्षीचाही गेला. शेवटी शांतावहिनींनी मला बोलावून घेतलं. "भाऊजी, हे बोलत नाईत, भांडत नाईत. नुसते हाताकडे पाहत बसते. मले भेव वाटते." त्या दिवसांत गप्प बसलेल्या माणसाची घरच्यांना धास्तीच वाटायची. वहिनींनी विहिरीचा दोर घरात आणून ठेवला होता.

काहीतरी करायचं म्हणून मी काय केलं, तर टेबल घेतलं. चांगलं सुताराचं, खणाचं, वर वाकणारा दिवा. जीपच्या टपावर बांधून गावी नेलं. दादानं त्यावरून हात फिरवला. "लय चांगलं हाय," म्हणाला. महिन्यानं पाहतो तर त्यावर लोणच्याच्या बरण्या, आणि दिव्याच्या मानेवर वहिनींची जपाची माळ.

"अरे, हे काय?" मी चिडलो.

"भेव लागते त्याचं. एवढ्या चांगल्यावर बसून काही बिघडलं तं?"

"मग तुला पाहिजे तरी काय?"

त्यानं एक बरणी सरळ केली. मग म्हणाला, "मले ना गड्या, डोक्याले लागन असं काही पाह्यजे."

भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या बंडीकडे आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. गिऱ्हाईक येऊन गेलं होतं तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती ढकलत निंबाखाली नेली, चाकांना दगड लावले, पुढं लाकडाचा टेकू देऊन ती समतल केली. उन्हाच्या बाजूला पोत्याचा पडदा टांगला. पटाशी, वाकस, कानस, सगळं सुतळीत अडकवून हाताशी येईल असं लटकवलं. "लोकं बंडीत बसते, आमच्याकडं बंडीखाली," वहिनी म्हणाल्या. पहिल्या दिवशी दादा नुसता बसला. दुसऱ्या दिवशी तिथं झोपला. तिसऱ्या दिवशी मी जीप पकडायला निघालो तेव्हा मागून खट्, खट् ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो थांबला असता.

त्यानंतर तो तिथं वीसेक वर्षं बसला. बैल पुन्हा घेतलेच नाहीत. लाकडी मात्र किती काढले, कुणास ठाऊक. मी गेलो की माझ्या लिखाणाची चौकशी व्हायची. मी नव्या खुर्चीचं, नव्या दिव्याचं सांगायचो. "तू जागाच करून राह्यला लेका," तो हसायचा. "बस की एकदा!" आता असं म्हणणारं कोणी नाही. घरी खुर्ची तेवढी आहे.

तेरवीनंतर मी परवा पहिल्यांदाच गेलो. दहा वाजले होते, दार उघडं, चूल थंड. मी घाबरून अंगणात आलो. वहिनी बंडीखाली बसल्या होत्या. पुढ्यात परात, मांडीवर मेथीची जुडी.

"वहिनी, इथं काहून?"

"घरात काही सुरूच होत नाई, भाऊजी. चुलीपुढं बसलं का बसूनच राहतो. इथं आलं का हात चालते... मंग पोळ्या टाकाले उठवते."

त्या जरा सरकल्या. मी पोट आवरत, गुडघ्यांना शिव्या देत आत शिरलो. त्यांनी निम्मी मेथी माझ्यापुढे टाकली. निवडून झाली तशा त्या परात घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं कौलांतून धूर वर आला. पोळीचा वास येईपर्यंत मी तिथंच बसून होतो. चाकाच्या आऱ्यांमधून अंगण दिसत होतं... दादाला रोज दिसायचं, तेवढंच.