अलीकडचा परवा, पलीकडचा परवा

बाणमास्तर ज्या वर्गातून बाहेर पडत, त्या वर्गाचा फळा रणांगणासारखा दिसायचा. वेग लिहिला की त्याच्या डोक्यावर बाण, बल लिहिलं की बाण. एकदा शिपायाने घंटा दहा मिनिटं लवकर दिली, तर त्यांनी फळ्यावर शिपायाचं नाव लिहून त्याच्यावरही बाण काढला आणि त्याचं टोक मुख्याध्यापकांच्या खोलीकडे केलं. नंदुरबारच्या पोरांनी त्यांचं बारसं केलं ते कायमचंच. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. मी लोणखेड्याचा, म्हणजे घरात अहिराणी आणि शाळेत पुस्तकी मराठी असा दुहेरी संसार. बाणमास्तर कोकणातले. हेल काढून बोलायचे, आंबट वरणाची आठवण काढायचे आणि मला 'पंडित' म्हणायचे. बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली. मुलीला, वत्सूला, त्यांनी एकट्याने वाढवलं होतं. तिची वेणी घालून मग ते शाळेत यायचे, त्यामुळे खडूच्या जोडीला बोटांना खोबरेल तेलाचा वास असायचा. पुढे वत्सूचं लग्न झालं. जावई जंगलखात्यात कारकून, मुक्काम धडगाव. घाट, जंगल आणि हिवताप यांचा तो मुलूख. मुलगी दिली त्या दिवसापासून मास्तर सातपुड्याकडे तोंड करून बसू लागले.

व्हेक्टर शिकवावा तो त्यांनीच. "नुसता आकडा म्हणजे भिकाऱ्याचं दान," ते म्हणत, "किती ते कळतं, कुठे ते कळत नाही. आकड्याला दिशा मिळाली की झाला व्हेक्टर." एकदा मागच्या बाकावरून एका व्यापाऱ्याच्या पोराने विचारलं, "मास्तर, येळ बी पुढेच जास ना? मंग तिले बाण का नही?" मास्तर खूश झाले. म्हणाले, "लेका, गाडी तळोद्याला निघाली तरी वळवून शहाद्याला नेता येते, म्हणून तिला दिशा. वेळ वळवून दाखव, लगेच बाण काढतो. आणि दुसरं, तीन मैल पूर्वेला गेलास आणि मग चार मैल उत्तरेला, तर घरापासून सरळ रेषेत पाचच मैलांवर असशील. पण तीन तास आणि चार तास? कसेही घाल, सातच." पोरगा खाली बसला. वेळेचं 't' हे अक्षर आमच्या शाळेत बोडकंच राहिलं.

मधल्या सुट्टीत त्यांची तोफ माझ्यावर वळायची. "काय हो पंडित, तुमची मराठी बिनबाणाची. म्हणे 'परवा'! अलीकडचा परवा की पलीकडचा? अंतर दिलंत, दिशा कुठाय?" मीही ऐकून घेणाऱ्यातला नव्हतो. म्हणालो, "मास्तर, आमची दिशा क्रियापदात असते. परवा आला, परवा येणार. कान उघडे ठेवा म्हणजे झालं." यावर ते मोकळेपणी हसले होते.

आश्विनात ती गोष्ट घडली. दगा नावाचा गाडीवान धडगावहून डिंक आणि मोहाची पोती घेऊन तळोद्याच्या वाटेने नंदुरबारला आला. जावयाने त्याच्यापाशी निरोप दिला होता. दगा शाळेच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमनी पोर परवा निंघनी. तिले ताप शे. औषध लिसन परकाशाले या, असं सायेबनी सांगेल शे." आणि पोती उतरवायची म्हणून तो बाजाराकडे गेला. औषध घेऊन तापीपलीकडच्या प्रकाशा गावी पोचायचं, एवढं मास्तरांना कळलं. मी त्या दिवशी शाळेत नव्हतो, गावी सुगीला गेलो होतो.

दोन दिवसांनी परतलो तर मास्तर चहाचा कप घेऊन समोर. चेहऱ्यावर काळजी होती, पण घाई नव्हती. सरकारी दवाखान्यातून क्विनाईन आणलं होतं, रजेचं सांगून ठेवलं होतं, वत्सूसाठी मऊ भाताचे तांदूळसुद्धा निवडून झाले होते. म्हणाले, "आज निघेल ती धडगावहून. दोन दिवस घाटात आणि वाटेत जातील. मी उद्या प्रकाशाला जाऊन धर्मशाळेत बसतो." मग थोडे हसून म्हणाले, "काय गोड बोली आहे हो तुमची! निघणार म्हणत नाहीत. 'परवा निंघनी' म्हणाला."

मी काही विचार न करता म्हणालो, "निंघनी म्हणजे निघाली, मास्तर."

आमच्या बोलीत 'निंघना, निंघनी' हा भूतकाळ. कोकणातल्या कानाला त्यात 'निघणार' ऐकू आलं, आणि 'परवा'ने त्याला अडवलं नाही. परवाला काय, दोन्ही दारं उघडी. मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे दगा आला त्याच दिवशी ती प्रकाशाला पोचली," एवढंच ते बोलले. टोपी न घालता निघाले. मीही मागोमाग गेलो.

तापीला पाणी बरंच होतं. नाव पलीकडच्या काठाला. मास्तर काठावर उभे राहून नावाड्याला हाका मारत होते. नावाडी येईस्तोवर ते गुडघाभर पाण्यात शिरले, मी धोतर धरून मागे ओढलं. धर्मशाळेत पोचलो तेव्हा वत्सूवर पांघरूण ओढलेलं होतं. सोबत आलेली म्हातारी भिंतीशी बसली होती. तिने मास्तरांना ओळखलं आणि कपाळावर हात मारला. "सकाळलोंग वाट देखी तिनी," ती म्हणाली, "बाबा इतीन, औषध लई इतीन, इतलंच बोली ऱ्हायनी व्हती." बाबा येतील, औषध घेऊन येतील, एवढंच. मास्तरांनी खिशातली क्विनाईनची पुडी काढली आणि वत्सूच्या उशाशी ठेवली. मला ते बघवलं नाही. आजही बघवत नाही.

दिवसकार्य आटोपून ते शाळेत आले. फळ्यावर पहिलंच समीकरण लिहिलं आणि 't'च्या डोक्यावर बाण काढला. तोच व्यापाऱ्याचा पोरगा हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्हीच सांगेल व्हतं, येळले बाण नही." मास्तर म्हणाले, "चुकलो होतो. बाण असलाच पाहिजे." त्यानंतर त्यांना कोणी हसलं नाही. पोरंसुद्धा वह्यांत तसा बाण काढू लागली, आणि मुख्याध्यापक दारातून बघून परत जायचे.

त्या हिवाळ्यात रोज दिवेलागणीला ते माझ्या ओट्यावर येत. दाढी वाढलेली, कोटाच्या खिशांत खडूचे तुकडे. बाण हवा होता तो कशासाठी, ते मला उशिरा उमगलं. ज्याला बाण आहे त्याला उलटा बाणही असतो. त्यांना काळातलं उणे हवं होतं, फार नको, चार दिवसांचं. ओट्याच्या फरशीवर ते लिहून दाखवत. "हे बघा, चेंडूचं समीकरण. वेळेच्या जागी उणे वेळ घातली. काय बिघडलं? काही नाही! चेंडू आल्या वाटेने परत जातो. समीकरणाला चालतं, पंडित, मग मला का चालत नाही?" मी बायकोला चहा टाकायला सांगायचो.

पुण्याहून त्यांनी एक जाड पुस्तक मागवलं. त्यात लांबी, रुंदी, उंचीच्या पंगतीला काळही बसवला होता, चारांचा मिळून एक बाण. आठवडाभर त्यांच्या डोळ्यांत जीव आला. मग एका संध्याकाळी पुस्तक ओट्यावर आपटलं. "पंगतीला बसवतात, पण मागे फिरू देत नाहीत. इथेही तोच नियम." मग माझ्या व्याकरणाच्या मागे लागले. "तुम्ही घरातून हाक आली की म्हणता, 'आलोच!' अजून जागचे उठलेले नसता, आणि क्रियापद भूतकाळी! म्हणजे तुमच्या भाषेत वळवता येतं. भाषेत येतं, गणितात येतं, मग अडलंय कुठे? सांगा ना!" ते माझे दोन्ही हात धरून विचारत होते. विद्वत्ता वगैरे गेली चुलीत, मला रडू आलं.

फाल्गुनात म्हणाले, प्रकाशाला चला. नदी आटलेली होती. ते धर्मशाळेच्या पायरीवर बसले आणि पाण्याकडे बघत बोलू लागले.

"समजा उणे सापडलं. समजा सगळं उलटं फिरलं. वत्सू डोळे उघडेल. उठून बसेल. म्हातारी तिला गाडीत बसवेल. आणि मग, पंडित, गाडी घाटाकडे जाईल. माझ्याकडे नाही येणार ती, लांब जाईल. आणि मी पावलं मागे टाकत शाळेच्या दारात जाऊन उभा राहीन, समोर दगा असेल, आणि तेव्हाही मला तेच ऐकू येईल जे आलं होतं. उलट्या काळात मी शहाणा कसा होणार? मी हे आधी का नाही पाहिलं?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लहान मुलासारखी हलत होती. त्यानंतर त्यांनी फळ्यावर एकही बाण काढला नाही, वेगावरसुद्धा नाही. महिन्याभरात राजीनामा दिला.

स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. सुरतेची गाडी, डब्यात गर्दी नव्हती. मास्तर इंजिनाकडे पाठ करून बसले. मी खिडकीतून म्हणालो, "मास्तर, पलीकडच्या बाकावर बसा, असं बसून चक्कर येते."

"येऊ दे," ते म्हणाले. "तिथून काय दिसायचंय? इथून निदान जे राहिलं ते दिसतं."

गाडी हलली. मी हात वर करून उभा राहिलो, आणि ते दिसेनासे झाले तरी खाली घेतला नाही, कारण त्यांना मी अजून दिसत असणार होतो.