अप्पा, डायरेक्ट करून द्या!

दुकान कशाचंही असू द्या, गिऱ्हाईक सामान घेऊन जातं आन किस्सा ठेवून जातं. आमच्या दुकानात तर आता सामान कमी आन किस्सेच जास्त झालेत. त्यांना फळी लागत न्हाई, म्हणून बरंय!

दुकान लातूरला, रेणापूर नाक्याजवळ, मन्मथअप्पांचं. घरगुती वस्तूंची दुरुस्ती. अप्पा टेबलावर मिक्सर-कूलर उघडून बसतात. मी, दिगंबर, शेजारच्या स्टुलावर मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतो. दोघांची तोंडं हातापेक्षा जास्त चालतात.

आता आमच्याकडं लाईट कशी, ते काय सांगायचं? येते, जाते, परत येते. जुन्या वस्तूंचं एक बरं होतं. खटका फिरवून ठेवला की लाईट आल्यावर आपलं आपण सुरू. आजकाल सगळ्याला टचचं बटन! लाईट गेली की ह्या वस्तू सगळं विसरतात. परत आली की नुसता लाल दिवा लावून बसतात, कुणीतरी बोट लावंल म्हणून. त्यामुळं गिऱ्हाईक येतं आन एकच म्हणतं, "अप्पा, डायरेक्ट करून द्या!" म्हणजे प्लगमध्ये लाईट आली की वस्तू आपोआप चालू झाली पाहिजे. ह्या कामात अप्पांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात न्हाई. दोस्त म्हणून सांगून न्हाई राहिलो, खरंच सांगतोय.

फक्त एका घरात अप्पांना बंदी. त्यांच्या स्वतःच्या!

*

त्याचं असं झालं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात अप्पांनी वहिनींच्या माहेरचा टेबल फॅन उघडला. रुखवतातला, नवाकोरा. बायकोला बटन दाबायची बी तकलीफ नको, हा उद्देश. प्रेमच की हो ते!

फॅन डायरेक्ट झाला. पण घाईत दोन वायरी उलट्यासुलट्या लागल्या आन पातं उलटं फिरायला लागलं. सगळा वारा मागं.

सुमनवहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई हायत. चूक दिसली की लाल पेन काढल्याशिवाय राहत न्हाईत. त्या पाच मिनिटं फॅनपुढं उभ्या राहिल्या. घाम निथळून राहिला होता. मग शांतपणे म्हणल्या, "भिंतीला लई गार वाटत असंल!"

आन वर हुकूम सोडला. "आजपासून माझ्या घरातल्या एकाही वस्तूला हात लावायचा न्हाई."

अप्पांनी दोन मिनिटांत वायरी सरळ केल्या, पण हुकूम तो हुकूम. पंधरा वर्षं झाली. अप्पा मला म्हणायचे, "दिगू, अख्खा जिल्हा माझ्या हातात वस्तू देतोय. एकच घर देत न्हाई. लई लागतंय रे मनाला." आन हे बोलताना अप्पा बिलकुल हसायचे न्हाईत.

*

औशाचे एक रिटायर्ड गुरुजी. दुपारी डोळा लागला की लाईट जायची. लाईट यायची, पण कूलर काही चालू व्हायचा न्हाई. अप्पांनी डायरेक्ट करून दिला. गुरुजी उन्हाळाभर घोरले. पावसाळा लागल्यावर कूलर कोपऱ्यात गेला.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला गुरुजींच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पाच जण, पांढरेशुभ्र कपडे, बरोबर कूलरच्या पुढ्यात बसलेले. गुरुजींनी मनात हिशेब केला. आधी प्लग लावावा, मग पाणी भरावं, मग बटन दाबावं.

बटन! केलेलं काम गुरुजी विसरले, कूलर न्हाई विसरला!

प्लग लावला मात्र, आठ महिन्यांची धूळ आन वाळलेलं गवत एका दमात पाहुण्यांवर गेलं. मिनिटभर कुणी कुणाला दिसंना. मग त्या ढगातून थोरल्या पाहुण्यांचा आवाज आला. "गुरुजी, मुलगी पसंत हाय. कूलर तेवढा देऊ नका!"

*

जळकोटच्या एक बाई शेंगदाण्याची चटणी करून विकतात. त्यांच्या मिक्सरचं बटन तीनदा तुटलं, म्हणून अप्पांनी डायरेक्ट केला. बजावून सांगितलं, "आधी झाकण, मग प्लग." बाईंनी ते पाठ केलं. पण त्यांच्या सासूबाईंना कुणी सांगितलंच न्हाई!

चार दिवसांनी फोन. "अप्पा, मशीन एक नंबर चालून राहिलंय."

"मग?"

"सगळी चटणी छताच्या पंख्यावर बसली. तीनदा पुसला, तरी पंखा लावला की घरदार शिंकतंय!"

 अप्पा म्हणाले, "खिडकी उघडी ठेवा." ही बातमी वहिनींच्या कानावर गेली. बंदी काय उठते मग!

*

एक मात्र हाय. तापणारी वस्तू अप्पा डायरेक्ट करत न्हाईत. इस्त्री, शेगडी, रॉड, बिलकुल न्हाई. तिथं अप्पा कुणाच्या बापाचं ऐकत न्हाईत.

उदगीरचा एकजण पाणी तापवायची रॉड घेऊन आला होता. मागं त्याची बायको उभी. अप्पांनी रॉड परत केली. तो गयावया करून राहिला, अप्पा मान हलवून राहिले.

शेवटी बायको पुढं आली. "मग ह्यांनाच डायरेक्ट करून द्या. सकाळी चारदा दाबल्याबिगर चालू होत न्हाईत!"

*

रेणापूरकडच्या एका गावचा पुजारी देवळातला अॅम्प्लिफायर घेऊन आला. त्याला पेन ड्राइव्ह लावलेला, त्यात आरती. पुजाऱ्याला शेतीबी होती. पहाटे शेतात असलो तरी देवळात आरती लागली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अप्पांनी करून दिलं.

आता लाईट काय देवाचं वेळापत्रक बघून येती व्हय? कधी अकराला, कधी अडीचला, कधी चारला. आली की भोंग्यावर आरती सुरू! गावातल्या म्हाताऱ्या ताटं घेऊन पळायच्या. दिवसात तीन-तीनदा.

पंधरा दिवसांनी पुजारी हैराण होऊन आला. "अप्पा, देवाला चालतंय, मला झेपंना. होतं तसं करून द्या."

त्याच्या मागोमाग गावातले सात-आठ शेतकरी मोटरसायकलवर दुकानात हजर. "खबरदार हात लावाल तर! आरती ऐकू आली की शिवारात कळतंय लाईट आल्याचं. मोटार चालू करायला पळता येतंय. नसती, तर आम्ही दिवसभर बोर्डापाशीच बसायचं का?"

अॅम्प्लिफायर तसाच परत गेला. आता म्हणे त्या गावात वायरमननं फ्यूज टाकला की लोक त्याच्याच पाया पडतात!

*

आता वहिनींचं ऐका.

मागच्या वर्षी वहिनींनी स्वतःच्या पगारातून फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतली. टचच्या बटनाची! सकाळी कपडे टाकून शाळेला जायच्या. दहाला लाईट जायची, यायची, आन मशीन लाल दिवा लावून गप्प. संध्याकाळपर्यंत कपडे साबणाच्या पाण्यात. वहिनी थकून यायच्या आन परत धुवत बसायच्या. अप्पांचे हात शिवशिवायचे, पण बोलायची हिंमत न्हाई.

एक दिवस भर गिऱ्हाइकांत वहिनी दुकानात आल्या. "अहो, ती मशीन डायरेक्ट करून द्या."

माझ्या हातातली तार सुटली. अप्पा जागेवरून उभेच राहिले. "नक्की?"

"नक्की. पण काही बिघडलं, तर परत ह्या जन्मात विचारणार न्हाई."

रविवारी मी सोबतीला गेलो. अप्पांनी एकेक वायर चारदा तपासून जोडली, खोटं न्हाई सांगत. मेन स्विच तीनदा बंद-चालू करून बघितला. तिन्ही वेळा मशीन आपोआप सुरू! वहिनी म्हणल्या, "बरंय." अप्पा तेवढ्या शब्दावर आठ दिवस शीळ घालत फिरले.

मग त्यांच्या भागात लाईनचं काम निघालं. दिवसातून सहा-सहा वेळा लाईट जायची, यायची. आन मशीन दर वेळी पहिल्यापासून सुरू! कपडे धुऊन झालेत, हे तिला कुणी सांगायचं? वहिनी शाळेत, अप्पा दुकानात, आन घरी तेच कपडे दिवसभर घुसळून निघायचे.

मला कळलं अप्पांच्या शर्टावरनं. पहिल्या आठवड्यात निळा होता, मग आभाळी, मग चक्क पांढरा. मी म्हणलं, "अप्पा, नवीन घेतला का?"

"तोच हाय." मग हळूच म्हणाले, "आत्ता उजेड पडला रे माझ्या डोक्यात!"

"वहिनी काय म्हणल्या?"

"एक शब्द न्हाई. तेचंच भ्या वाटून राहिलंय."

त्याच संध्याकाळी अप्पांनी दोष काढला. पण गेलेला रंग कुठून आणणार?

पुढच्या रविवारी वहिनींची धाकटी बहीण नांदेडहून आली. जीभ अशी तिखट, की भाऊजींना सोलायला तिला कारण लागत न्हाई. मीबी चहाला होतो. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आन बहिणीचे डोळे मोठे झाले. वहिनींच्या अंगावर तिनं दिवाळीला दिलेली मोरपंखी साडी होती. मोरपंखी कसली, आता ताकाच्या रंगाची!

"अक्का! ही माझी साडी ना? काय झालं हिचं? भाऊजींनी हात लावला का मशीनला?"

अप्पांचा कप तोंडापाशीच थांबला. मी जमिनीकडं बघायला लागलो. आता बंदी जन्माची, हे मलाबी दिसून राहिलं होतं.

वहिनींनी पदर पुढं घेतला, एकदा निरखून बघितला.

"त्यांनी कशाला काय करायचंय? तू दिलीस तवाच अशी होती की!" असं म्हणून वहिनींनी ट्रे खाली ठेवला आन अप्पांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.