पाठमोरं अस्वल

चित्रवाल्या बाईंचा प्राण्यांवर राग नव्हता. राग होता तो प्राण्यांना हसायला लावणाऱ्या माणसांवर. उभा जन्म लहान मुलांच्या पुस्तकांत ससे, खारी आणि कासवं रंगवण्यात गेला, आणि दर पुस्तकाला संपादकाचा तोच फोन.

"बाई, अस्वल अजून दयाळू वाटत नाहीये. थोडं हसू द्या ना त्याला. पापण्या जरा लांब करा."

"अस्वल आहे ते, लग्नाला निघालेलं नाही!" बाईंनी फोन आपटला आणि चडफडत खोडरबर शोधू लागल्या. करतात काय? पुस्तक दयेच्या गोष्टींचं होतं, नुकतंच आपलं आपण वाचू लागलेल्या मुलांसाठी. आणि संपादकाच्या मते दया म्हणजे दात दाखवणं.

टेबलाखाली त्यांची नात बबडी आजीचंच एक जुनं पुस्तक घडाघडा वाचत बसली होती. तिच्या शाळेतून निरोप आला होता, की मुलीला स्वतः वाचता आलं नाही तर पुढच्या वर्षी याच वर्गात बसवावं लागेल. तेव्हापासून आजीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कान आहेत की नाहीत त्या शाळेला?

"ये इकडे," त्यांनी नव्या पुस्तकाचं शेवटचं पान बबडीच्या हातात दिलं. चित्राची जागा अजून कोरी होती, खाली नुसता मजकूर. "वाच बघू हे."

बबडीने पान उलटं केलं, सुलटं केलं. "आजी, यात काहीच नाहीये."

खाली चांगल्या ठळक ओळी होत्या. बाईंनी ते जुनं पुस्तक ओढलं, मजकुरावर तळहात दाबून धरला आणि म्हणाल्या, "आता वाच." बबडीचं वाचन तसंच सुरू झालं. सशाने गाजर दिलं, कासवाने डोळे पुसले, दोघं मिळून खाल्लं. सगळं चित्रातच तर होतं. गाजराचा चावलेला तुकडासुद्धा बाईंनी सोडला नव्हता.

आधी त्या पोरीवर चिडल्या, मग शाळेवर, मग संपादकावर. शेवटी चिडायला दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा स्वतःवर चिडल्या, आणि तो राग सगळ्यांत मोठा होता. पोरीला वाचायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी!

हसरं अस्वल त्यांनी टराटरा फाडलं. नव्या गोष्टीत वादळ आल्यावर सगळे प्राणी ढोलीत शिरतात, एक अस्वल तेवढं उघड्यावर बसून राहतं. बाईंनी ते पाठमोरं काढलं. केस भिजलेले, खांदे पडलेले, रुसून बसल्यासारखं. रंग वाळल्यावर ते मजकुराच्या वर ठेवून त्यांनी बबडीला हाक मारली.

"हे का बसलंय असं? कुणी रागावलं त्याला?"

"मला काय माहीत? खाली लिहिलंय."

"तूच सांग ना!"

"नाही सांगणार."

बबडीने पाय आपटले. आजी खडूस आहे, असंही सांगून झालं. मग अक्षरावर बोट ठेवून सुरू झाली. "अस्... अस्वल... ह... हल..." बाईंच्या अगदी ओठांवर शब्द येत होता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, खुर्चीचा हात धरला, खिडकीबाहेर पाहिलं. पोर अडत होती, मागे जात होती, रडकुंडीला येत होती, आणि आजीचा जीव वरखाली होत होता.

"अस्वल हललं नाही. त्याच्या पो... पोटाशी... चिमणीचं पिल्लू झोपलं होतं."

बबडीने चित्राकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे. "अगं, म्हणजे ते रुसलेलं नाहीचे! पिल्लू भिजू नये म्हणून बसलंय!"

बाईंनी नाक शिंकरायला पदर घेतला.

चित्र रवाना झालं आणि व्हायचं तेच झालं. फोन वाजला, तो बबडीने उचलला.

"आजीला दे गं. अस्वल पाठ फिरवून का बसलंय? दया कुठे आहे यात?"

"चित्रात नाहीये ती, काका. खाली लिहिलंय. वाचा तुम्ही, मी थांबते," बबडी म्हणाली. "अडलात तरी सांगणार नाही हं."