बारकीच्या मार्फत

शब्दाला जागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण माझ्या चुलत्याइतका शब्दाला जागून घरादाराला वैताग आणलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. हा माणूस एकदा बोलून गेला की संपलं. मग ते रागात असो, नाहीतर चेष्टेत. आमच्या घाटनांदूरच्या बाजारात एका सोयऱ्याला म्हणाले, "तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवणार न्हाई बे!" पुढं त्याच सोयऱ्याच्या लेकीचं लग्न निघालं. काका गेले, आहेर घेऊन गेले, आणि दारापुढं उभ्या टेम्पोच्या फाळक्यावर बसून सगळं जेवण जेवले. वाढप्याला वरणाची बादली घेऊन रस्त्यावर यावं लागत होतं. गावातल्या न्हाव्याचा हात मोडला तेव्हा म्हणाले, "तुझा हात बरा होईस्तोवर दुसऱ्याकडं डोकं देणार न्हाई." हाड काही लवकर जुळेना. काका दाढीजटा वाढवून हिंडले, लिंबागणेशला देवाला गेले तर बायका ह्यांच्याच पाया पडल्या. "मग आशीर्वाद दिलात का?" मी विचारलं. "द्यावाच लागला. ती माउली वाकून बसलेली, न्हाई कसं म्हणावं?"

अशा माणसाला काकू एकदा भांडणात म्हणाली, "आजपास्नं माझ्याशी बोलू नगा." दुसरा नवरा असता तर संध्याकाळी त्यानं चहा मागितला असता. काका म्हणाले, "बरं." मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. माझी पदवी झाली, तिथंच नोकरी लागली, तरी ते "बरं" काही संपलं नाही. भांडण कशावरून झालं ते आम्हाला कुणाला आजवर ठाऊक नाही. काकू मला एकटीला गाठून म्हणायची, "बाई रागात सतरा बोलती. माणसानं येऊन एकदा तरी इचारावं का न्हाई, कावून एवढी रागावलीस म्हणून?" आणि काका एकटे असले की म्हणायचे, "तिनं बंद केलं, तिनं उघडावं. मी शब्द दिलेला हाय."

आता एका घरात राहायचं तर बोलल्यावाचून भागत नाही. ते काम बारकीकडं आलं. बारकी म्हणजे घरची मांजर. पिल्लू असताना ठेवलेलं नाव. पुढं ती उशीएवढी झाली तरी नाव तेच, कारण ठेवणारे काका. काकू स्वयंपाकघरातून म्हणायची, "बारके, त्यांना म्हणावं भाकर निवायली." ओट्यावरून काका म्हणायचे, "बारके, तिला सांग, आलो." भांडणंसुद्धा तिच्याच मार्फत. "बारके, इचार त्यांना, मिरच्या उन्हातून कुणी काढल्या न्हाईत?" "बारके, मला कुणी सांगितलंच न्हाई." "बारके, तुझ्यादेखत सांगितलं का न्हाई गं?" बारकी कान पाडून कोर्टातल्या साक्षीदारासारखी जमिनीकडं बघायची. येणारेजाणारे हसायचे, मीही हसायचे. पण एकदा काकूला ताप भरला. काका मांजर मांडीवर घेऊन खोलीच्या दाराबाहेर बसले होते. "बारके, तिला म्हण, दोन घोट पाणी पी. बारके, तिला म्हण, घर खायला उठलंय." आत काकू भिंतीकडं तोंड करून निजली होती, पण जागी होती. मी पाणी घेऊन गेले तर उशी ओली. त्यानंतर मला त्या मांजराच्या गोष्टीवर हसता आलं नाही.

मग बारकी म्हातारी झाली. तिचे मागचे पाय धरले. कोठीच्या कोपऱ्यात गोणपाटावर पडून राहायची; स्वयंपाकघर ते ओटा ही रोजची फेरी बंद झाली, आणि घरातलं बोलणंच बंद झालं. काकांचा फोन आला. "पोरी, बारकी उठंना. घरात पार चिडीचूप हाय बघ." आमच्या सबंध खानदानात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुणालाही छाती पुढं काढून सांगते. पण त्यामुळं मोटारीच्या स्टार्टरपासून मांजराच्या पायापर्यंत सगळ्याचा जाब मलाच. मी चौकशी केली. अंबाजोगाईत एक तरुण डॉक्टरीणबाई कुत्र्यामांजरांवर लेझरनं उपचार करतात असं कळलं. गावात ही बातमी फुटल्यावर पारावर एकजण म्हणाला, "मांजराला लेझर? ते तर वरातीत डीजेवर असतं." काका म्हणाले, "डीजेवरचं न्हाई बे, औषधाचं हाय," आणि भाजीच्या पाटीत गोधडी घालून बारकीला घेऊन निघाले. मागून काकूही निघाली. कुणी कुणाला चल म्हटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपून बघितले. "सांध्याला सूज आहे. याला सुई नाही, कापाकापी नाही, केसही काढायचे नाहीत. उजेड आत जातो, थोडी ऊब लागते, दुखणं कमी होत जातं. म्हातारपण काही जाणार नाही, पण हिंडणं सोपं होईल. खाते का नीट?" काकू म्हणाली, "बारके, सांग बाईंना, दूध पिती, भाकरीला तोंड लावीत न्हाई." काका म्हणाले, "बारके, माझ्या ताटातली खाती म्हणावं." डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "आमच्याकडं असंच असतं." काकांनी दर मंगळवारी आणायचा शब्द दिला, तेव्हा त्याची काळजी करायचं कारण उरलं नाही.

मशीन चालू असताना खोलीतल्या सगळ्यांनी गडद चष्मे घालायचे असतात, डोळ्यांना अपाय होऊ नये म्हणून. काका त्यात वेल्डिंगवाल्यासारखे दिसायचे. बारकी एकट्याच्या हातात थांबायची नाही. म्हणून काकूनं तिचे डोळे तळहातानं झाकून डोक्याकडून धरायचं, काकांनी कमरेकडून. डॉक्टरीणबाई खुब्यावरून मशीनची दांडी सावकाश फिरवायच्या आणि बारकी घुरघुरायला लागायची. दुसऱ्या मंगळवारी माझ्या ध्यानात आलं, मांजराकडं बघणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि डॉक्टरीणबाई. त्या चष्म्याचा गुण असा की माणसाचे डोळे कुणीकडं आहेत ते समोरच्याला कळत नाही. पण मान काही चष्म्यात लपत नाही. काका काकूकडं बघत होते, काकू काकांकडं. मशीन थांबलं की दोघांच्या माना खटकन खाली. चष्मा काढायला मात्र काकांना भारी वेळ लागायचा.

उपचाराला गुण आला. बारकी ओट्यापर्यंत जाऊ लागली, आणि काकांचा चेहरा उतरला. दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाईंना सांग, अजून लंगडायली." "तुम्हीच सांगा की." "मी खोटं बोलत न्हाई. तू सांग, तू शिकलेली हायस." आत गेले तर काकूनं डॉक्टरीणबाईंना आधीच गाठलं होतं. "पाय लई ओढती हो. रातभर कण्हती." तेवढ्यात बारकीनं टेबलावरून उडी मारली ती थेट औषधांच्या कपाटावर. डॉक्टरीणबाई हसल्या. "ही लंगडी का? आता काही गरज नाही. पुढच्या मंगळवारी येऊ नका." दोघांनी चष्मे हातात धरले होते, ते न घालताच परत दिले.

त्या दिवशी मलाही गावाकडं यायचं होतं. रिक्षात मी पुढं डायवरशेजारी बसले. मागं ते दोघं, आणि मधे पाटीत बारकी. अंबाजोगाई मागं पडलं तरी कुणी बोलेना. शेवटी काका खाकरले. "बारके, तिला सांग..." आणि अडले. बारकी झोपली होती. त्यांनी तिला हलवायला हात पुढं केला.

"उठवू नगा तिला," काकू म्हणाली. मग जरा थांबून, "मला सांगा."

मी तोंड पुढं फिरवलं, पुन्हा मागं बघितलं नाही. काका म्हणाले, "लई सालाचं हाय गं. कुठून सांगू?"

"कुठूनबी सांगा. घाटनांदूर लांब हाय अजून."

काका बोलायला लागले. पण रिक्षा चढाला लागली आणि त्यांचा आवाज इंजिनाच्या आवाजात बुडाला. ते काय बोलले ते मला आजवर कळलेलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही. मधूनमधून काकूचा "हं" तेवढा ऐकू यायचा. अजूनही अंबाजोगाईच्या खोलीवर एकटी जेवायला बसले की तो "हं" आठवतो, आणि आपल्या बोलण्यालाही असं कुणी शेजारी बसून "हं" म्हणावं, एवढंच वाटत राहतं.