मारोतराव शिंप्यांचं न्यूयॉर्क

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत रुआबांध्याच्या रस्त्याला पत्र्याचं एक दुकान होतं, आणि त्यात बसून मारोतराव शिंपी अमेरिकेला नावं ठेवायचे. तुमसरजवळच्या खेड्यातून आलेला हा माणूस. रायपूरच्या दिशेला कुम्हारीपुढे त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण अमेरिकेतलं कोणतं शहर कसे कपडे घालतं, हे विचारायचं तर त्यांनाच.

हे ज्ञान काही आभाळातून पडलेलं नव्हतं. कारखान्यातले मोजके इंजिनियर शिकायला अमेरिकेला जात. परत येत तेव्हा कुणी सुटलेला असे, कुणी वाळलेला, आणि तिकडून आणलेला सूट आवळून घ्यायला नाहीतर सैल करायला मारोतरावांकडे यायचा. मारोतराव शिवण उसवत, अस्तर उलटून पाहत, खांद्यात काय भरलंय ते चाचपत आणि साहेबांना विचारत, हा कोणत्या गावचा? असे दहा-बारा सूट उसवून झाल्यावर त्यांच्या डोक्यात सगळी अमेरिका नीट घडी घालून बसली. पिट्सबर्ग आपल्यासारखंच लोखंडाचं गाव. काजळी बसते म्हणून रंग गडद, कापड जाड. शिकागोत वारं सुटतं, तिथं कोट लांब आणि टाय भडक. लॉस एंजिलिस उन्हाचं आणि नटांचं गाव. तिथं सगळं फिकं आणि सैल, खांदे दंडावर उतरलेले. न्यूयॉर्कचं नाव निघालं की मात्र मारोतरावांचा आवाज खाली यायचा. माणसाचा खांदा तेवढाच कोटाचा खांदा, कॉलर अरुंद, रंग राखेचा, आणि पाठीवर एक सुरकुती दिसली तर शिंप्यानं कात्री नदीत टाकावी.

जिभेला हाड नव्हतं. बोस्टनची जुन्या घराण्यातली माणसं कोटाच्या कोपरावर चामड्याचं ठिगळ लावून मिरवतात, असं एका साहेबांनी सांगितलं होतं. तेव्हापासून विटा वाहणारा नत्थू फाटक्या सदऱ्यात दुकानावरून गेला की मारोतराव गिऱ्हाइकांना सांगत, पाहा, बोस्टनवाला चालला. गिऱ्हाइकं हसायची. नत्थूही हसायचा. न हसून करतो काय!

पण या माणसाच्या जिवाला एकच ध्यास होता. आपला कोट घालून कोणीतरी न्यूयॉर्कात चालावं आणि तिथल्या जाणत्या माणसानं त्याला थांबवून विचारावं, की हा कोणी शिवला? जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला ते पत्र पाठवायची गळ घालायचे. पत्रं यायची. मारोतरावांना आकड्यांपुढचं वाचन जड जाई, म्हणून जो कोणी शिकलेला दुकानात असेल त्याला ते चार माणसांत मोठ्यानं वाचायला लावायचे. पत्रांत थंडीचं असे, बर्फाचं असे. कोट बरा आहे, एवढी एक ओळ. बायको शकुबाई काजं करता करता म्हणायची, त्या लोकायले तुमचा कोट पाहाले फुरसत आहे का? त्यावर मारोतराव दिवसभर तिच्याशी बोलत नसत.

एकोणसाठ साली बळीराम आला. तोही त्याच खेड्यातला, चंपतचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी ते सगळं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं होतं. बळीराम नागपुरातच शिकून इंजिनियर झाला, कारखान्यात लागला आणि आता त्याचं नाव अमेरिकेच्या यादीत निघालं होतं. आधी दोन महिने न्यूयॉर्क, मग पिट्सबर्ग. आजवर त्यानं दुसऱ्यांचे उतरलेले किंवा बाजारातले तयार कपडे घातले होते. पहिला कोट मारोतरावांकडूनच शिवून घ्यायचा, हा चंपतचा हट्ट. गावात चंपतनं स्वतःच्या लग्नासाठी बंडी शिवायला आणली तेव्हा मारोतरावांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं होतं. आता मुलाचा कोट त्याच हातानं शिवला जावा, एवढंच म्हाताऱ्याला पाहायचं होतं.

बळीरामनं राखी रंगाचं उंची कापड दारालगतच्या टेबलावर ठेवलं. इतर इंजिनियरांना मारोतराव साहेब म्हणत, उठून उभे राहत. याला त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, ‘तिथंच उभा राह. मले टेप लागत नाही. डोळ्यानं माप घेतो मी.’

साफ खोटं. तासाभरापूर्वीच त्यांनी एका साहेबाच्या काखेत, छातीवर, मांडीला टेप लावून आकडे लिहिले होते. बळीराम उंबऱ्याबाहेर हात जरा पसरून उभा राहिला. त्याला कळलं होतं. असं उभं राहायला त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मनात आलं असतं तर कापड उचलून तो परत गेला असता; पण घरी बाप वाट पाहत होता.

कोट शिवला मात्र मारोतरावांनी जीव ओतून. टाका मोत्यासारखा, कॉलर अरुंद, अगदी न्यूयॉर्कची. तो बळीरामनं घातला आणि मारोतरावांना एका नजरेत चूक दिसली. खांदे दंडावर उतरले होते, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या आणि पाठीवर कापडाची गाठोडी झाली होती. चूक सुधारायला पाच मिनिटं लागली असती. चार टाचण्या लावायच्या, खडूनं खूण करायची. पण टाचणी लावायची तर खांद्याला हात लावावा लागतो. मारोतरावांनी हात मागे घेतला आणि आयुष्यात प्रथमच आपल्या विद्येला खोटं बोलायला लावलं. म्हणाले, ही सैल फॅशन आहे, लॉस एंजिलिसची.

‘मी न्यूयॉर्कले चाललो, मास्तर.’

‘आता तिकडंबी हेच चालून राहिलं. तुले काय समजते त्यातलं?’

आत शकुबाईनं सुई थांबवली. तिला समजत होतं. पण तिनं पुढचं काज करायला घेतलं. त्या घरात गप्प बसण्याची कला तिला टाक्यापेक्षा चांगली येत होती.

जाण्याच्या दिवशी बळीराम तोच कोट घालून आईबापाबरोबर दुकानावरून दुर्गच्या स्टेशनकडे निघाला. आई सत्यशीला बाह्या पुन्हा पुन्हा वर सारत होती आणि त्या पुन्हा खाली घसरत होत्या. चंपत भेटेल त्याला अभिमानानं सांगत होता, मोठ्या शहरातले कपडे असेच असतात, मारोतरावानं स्वतः सांगितलं. दुकानातल्या एकानं विचारलं, मास्तर, हा कोणत्या गावचा? मारोतरावांनी हनुवटी उचलली आणि लॉस एंजिलिस म्हणून सांगितलं. सगळे खो खो हसले. ते हसणं चंपतच्या कानावर गेलं. कौतुकानं हसताहेत असं समजून त्यानं दुकानाकडे वळून हात जोडले. एवढा भाबडेपणा पाहून दगडालाही पाझर फुटला असता. मारोतराव मात्र इस्त्री तापली का ते पाहायला वळले.

दीड महिन्यानं न्यूयॉर्कचं पत्र आलं, बळीरामचं. मारोतराव घुटमळले. मग पाकिटावरचा शिक्का पाहून मोह आवरेना. टाका तर खरंच उत्तम होता, कोणी सांगावं? देवीदास नावाचा स्टोअरमधला कारकून पँटचं माप द्यायला आला होता, आणखी दोघंतिघं बाकावर होती. वाचा मोठ्यानं, मारोतराव म्हणाले.

बळीरामनं आधी तिथलं लिहिलं होतं. कामावर पहिल्या दिवशी लोक वळून पाहत होते, दुसऱ्या दिवशी पाहायचंही टाळू लागले. तिसऱ्या दिवशी तिथल्या साहेबानं त्याला एका म्हाताऱ्या शिंप्याकडे नेलं. देवीदासचा आवाज हळू होत गेला, पण तो वाचत राहिला.

‘त्यानं कोट उसवला, पण आधी माझं माप घेतलं. छातीवर हात ठेवला, काखेत टेप घातला, गुडघ्यावर बसून माझा पाय धरला. मी सव्वीस वर्षांचा आहे, मास्तर. माझं माप कोणी पहिल्यांदाच घेतलं. मग त्यानं विचारलं, हा कोणी शिवला? मी तुमचं नाव सांगितलं, गावाचंही सांगितलं. तो म्हणाला, असा टाका मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. मग म्हणाला, बिचारा आंधळा आहे का? मी म्हटलं, नाही. त्याले चांगलं दिसते.’

बाकावरचं कोणी हसलं नाही. हसले असते तर मारोतरावांनी चार शिव्या घालून वेळ मारून नेली असती. शकुबाई आतून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

‘अजून थोडं आहे,’ देवीदास म्हणाला. ‘लिहितो की, सोबत त्या शिंप्यानं लिहिलेलं माझं माप पाठवतो. पुढच्या कोटाला तुमाले माझ्याजवळ यायची गरज पडणार नाही.’

पाकिटातून आकड्यांची एक छोटी चिठ्ठी निघाली. आकडे मारोतरावांना वाचता येत होते. देवीदासनं ती त्यांच्यापुढे धरली. मारोतरावांनी एकेक आकडा वाचला. हात वर आला, अर्ध्यात थांबला आणि मांडीवर परत गेला.

‘टेबलावर ठेवा,’ ते म्हणाले.