आग्नेलदादाने सांगितलेला पतंग

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, नितीनपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि त्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

नितीन माझा शाळेपासूनचा दोस्त, जेसल पार्कला राहणारा, मालवाहू जहाजावर नोकरीला. मोबाइलला अजून बटणं होती, तेव्हाची ही गोष्ट. एका फेरीत त्याने परदेशातून काइटसर्फिंगचं सामान आणलं. हवा भरून फुगवायचे दोन पतंग, बारा मीटरचा आणि सात मीटरचा. शिवाय दोन फळ्या, एक रुंद, एक आटोपशीर. कमरेला पतंग, पायाखाली फळी, आणि गडी लाटांवरून सुसाट! वारा कमी असला तर मोठा पतंग आणि रुंद फळी, वारा जास्त असला तर दोन्ही लहान. सोपं वाटतं ना? पण आत्ता वारा किती आणि तासाभराने किती, हे सांगणार कोण?

मी सांगणार होतो. पूनम सागर वसाहतीतल्या सायबर कॅफेत बसून मी तक्ता काढला होता — माणसाचं वजन, वाऱ्याचा वेग, त्यावरून पतंगाचं माप. लॅमिनेशनसुद्धा केलं. नितीनने तो बघितला, "भारी आहे यार" म्हणाला, आणि बाइकच्या डिकीत टाकला. परत कधी काढला नाही.

कारण उत्तनच्या किनाऱ्यावर आग्नेलदादा होता. पन्नाशीचा कोळी, फळीवर कधी पाय न ठेवलेला. बांबूंवर वाळत घातलेले बोंबील कसे हलतायत ते बघायचा, गालावर वारा घ्यायचा आणि म्हणायचा, "थोरला," नाहीतर "बारका." बस्स. एकदा पान हलत नसताना त्याने बारका सांगितला. आम्ही हसलो. अर्ध्या तासात समुद्र फेसाळला आणि आमची तोंडं बंद झाली. काय माणूस होता हो! मला त्याचं मनापासून कौतुक होतं. मग त्याच्यावर जळत का होतो? दोन्ही एकदम असू शकतं — माझ्यात होतं.

त्या रविवारी मी बसने आधी पोचलो. दादा पांढरा शर्ट घालून नातीच्या बाप्तिस्म्याला निघाला होता. जाता जाता म्हणाला, "नितीनला सांग, आज बारका घे. आता काय न्हाय, पन दुपारचा वारा पिसालनार हाय."

मी मान डोलावली. मग बोंबलांकडे बघितलं — एकही हलत नव्हता. मनात म्हटलं, आज सापडला म्हातारा! तक्त्याप्रमाणे तर सरळ बारा मीटर. ते बोंबील नुकतेच टांगलेले, ओले, जड होते. "ओल्याचं आयकू नको, सुका बघ," असं दादानेच मला शिकवलं होतं. मला त्या वेळी ते आठवलं नाही. की आठवायचं नव्हतं?

नितीन आला. "दादा काय बोलला?"

"थोरला," मी म्हणालो.

माझ्या नावावर सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून मी दादाचं नाव वापरलं.

दुपारी वारा आला. पतंगाने नितीनला पाण्यातून उचलला, खडकांवर आपटला आणि तसाच फरफटत नेला. मी काठावर नुसता ओरडत होतो. चर्चमधून परतणारा दादा धावत आला, मासळी कापणाऱ्या बाईच्या हातातली सुरी घेऊन पाण्यात शिरला आणि दोऱ्या कापल्या. पांढरा शर्ट रक्ताने भरला — नितीनच्या.

नितीन कण्हत म्हणाला, "दादा, थोरला सांगितलात ना तुम्ही?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी वाळूकडे बघितलं. एक शब्द पुरला असता.

"चुकलं माजं, पोरा," दादा म्हणाला.

नितीनचा खांदा मोडला, जहाज त्याला सोडून गेलं, पतंग विकले गेले. गावातली पोरं दादाला बघून, "आज कुठला वारा, मामा?" म्हणून खिदळायची. तो हसून पुढे जायचा. मला त्याने कधीच काही विचारलं नाही. आजही गेलो की सुके बोंबील स्वतः निवडून देतो, आणि वारा फिरायच्या आत घरी पोच म्हणतो.

नितीन अजून दोस्तांत तो किस्सा रंगवून सांगतो — म्हाताऱ्यावर भरवसा ठेवला आणि खांद्यात सळई आली. सगळे हसतात. गेल्या महिन्यात मीही हसलो.

दादाने बारका सांगितला होता. थोरला मी सांगितला.