आत जाणारी सुई

मला लस टोचून झाल्यावर त्या तरुण नर्सने सिरिंजचा दांडा शेवटपर्यंत दाबला आणि सुई टक्‌कन आत ओढली गेली.

"आता चुकूनसुद्धा कुणाला टोचत नाही, मावशी," ती म्हणाली.

मला तिचा हेवा वाटला. मीही नर्स होते. एकदा टोपण लावताना वापरलेली सुई माझ्याच बोटात घुसली. रक्ताचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत तान्ह्या लेकीला मी अंगावर पाजलं नाही. रिपोर्ट चांगला आला, पण तोवर ती बाटलीला सरावली होती. सुई आत ओढून घेणारी ही एवढीशी स्प्रिंग कुणाला तेव्हाच सुचली असती तर!

"घरी लहान कुणी आहे का गं?" मी विचारलं.

"सहा महिन्यांची मुलगी आहे. जाऊन पाजायचंय तिला."

मी नुसतं "बरं" म्हटलं आणि तिच्याकडे न बघताच उठले.